रीमचाचांचा खराब कागद

कागद कानाने निवडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गठ्ठ्यातून एक पान काढायचं, कोपरा चिमटीत धरायचा, कानाजवळ नेऊन एकदाच झटकायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची रीत. पान खणखणीत वाजलं की मान हलायची. बद्द वाजलं की तेच पान गालावरून फिरवत ते कळवळून म्हणायचे, "याला सर्दी झाली." मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झालाय. जळगावच्या मे महिन्यात अशी शंका घ्यायला जागा असते. म्हातारा म्हणजे तेव्हा जेमतेम पन्नाशीचा. मी अडतीस वर्षांची होते आणि पन्नाशीच्या सर्वांना म्हातारं समजत होते. आता स्वतः साठी ओलांडून बसलेय, तर पन्नाशीची माणसं मला पोरंसोरं वाटतात.

सगळी जुनी पेठ त्यांना रीमचाचा म्हणायची. पाचशे कागदांचा गठ्ठा म्हणजे रीम, आणि चाचांच्या अरुंद दुकानात रीमांशिवाय दुसरं काही नव्हतं. ना पेन्सिल, ना खोडरबर, ना वह्या. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, गठ्ठे आडवे निजवलेले. उभा गठ्ठा त्यांना सहन होत नसे. "उभ्याने कोणी झोपतं का?" असं ते विचारत. दुकानात कूलर नव्हता. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळायचं आणि आत गिऱ्हाईक घामाने निथळायचं. कोणी कुरकुर केली की चाचा आपला रुमाल पुढे करत. "माणसाला घाम आला तर पुसता येतो भाऊ. कागदाला आला तर काय पुसणार?"

त्यांच्याकडून कागद घेणं म्हणजे मुलगी मागायला गेल्यासारखं होतं. ते तुमची उलटतपासणी घेत. मशीन कुठलं? ठेवलंय कुठे? कूलरच्या तोंडासमोर तर नाही ना? रोज किती पानं काढता? पाठपोट छापता का? समाधान झालं तरच रीम खाली उतरायची. एकदा माझ्यादेखत रावेरचा एक केळीचा व्यापारी आला. त्याला बिलं छापायला चकचकीत कागद हवा होता, लग्नाच्या पत्रिकेसारखा. मशीन लेसरचं आहे म्हटल्यावर चाचांनी दोन्ही हात जोडले.

"नाही देणार."

"अहो चाचा, मी काय फुकट मागतोय?"

"फुकट मागितला असता तरी नसता दिला. आत वितळेल तो. कागद जाईल, मशीन पण जाईल आणि तुम्ही रावेरहून मला शिव्या देत येणार."

व्यापारी तणतणत गेला. चाचांना त्याचं काही नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही खापरावर मांडे करता ना?"

आमच्या खानदेशात बाईला हा प्रश्न विचारणं म्हणजे तिला फुशारकीची संधी देणं. मी लगेच म्हटलं, "आमच्या नशिराबादला येऊन बघा. मलमलीच्या रुमालासारखं आरपार दिसावं असा मांडा करते मी." खरं म्हणजे मांडे माझ्या सासूबाई करत. मी टाकलेला मांडा चुलीवरच्या त्या उपड्या खापरावरून एका तुकड्यात कधीच उतरला नव्हता.

"तसंच हे मशीन," चाचा म्हणाले. "शाई नसते त्यात. काळी भुकटी असते, पिठासारखी. मशीन ती कागदावर भुरभुरतं आणि मग पोटातल्या गरम खापरावरून कागदाला फिरवतं. भुकटी भाजून चिकटली की झालं अक्षर. म्हणून कागद कसा पाहिजे? गुळगुळीत, पण चकचकीत नाही. जाड नाही, पातळ नाही. कोरडा. खडबडीत असला की भुकटी खड्ड्यांत पडून राहते. कच्चीच राहते. पोटात दुखतं."

"कोणाच्या?" मी विचारलं.

"ज्याचं काम असतं त्याच्या."

हे सगळं त्यांनी मला इतकं स्वच्छ सांगितलं होतं. पुढे जे मी केलं ते अज्ञानातून केलं, असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात नुकतीच हेडक्लार्क झाले होते. त्या खुर्चीत बसलेली पहिली बाई. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, त्यांना ती खुर्ची आपल्या मेहुण्यासाठी हवी होती, त्यामुळे ते माझ्याकडे पायात रुतलेल्या काट्याकडे बघावं तसं बघत. त्यात कार्यालयात पहिला लेसर प्रिंटर आला आणि मला शिंगं फुटली. रोज सकाळी मी त्याला पदराने पुसत असे. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हते.

त्याच उन्हाळ्यात आठ शिक्षकांच्या नोकरीच्या सरकारी मान्यतेचे प्रस्ताव पाठवायचे होते. आठही जण वर्षानुवर्षं नाममात्र मानधनावर शिकवत होते. त्यातले गणिताचे देवरे सर नऊ वर्षं थांबले होते. सुट्टीत ते रावेरला केळीच्या घडांचं पॅकिंग करायला जात आणि जूनमध्ये हातावर चिकाचे डाग घेऊन वर्गात उभे राहत. धुळ्याला तपासणीचं शिबिर होतं, दोन दिवसांचं. तिथे प्रस्ताव स्वीकारला गेला तर मान्यता, नाही तर पुढचं शिबिर कधी ते कोणालाच माहीत नव्हतं. देवरे सर आदल्या आठवड्यात येऊन टेबलासमोर नुसते उभे राहिले होते. "होईल ना बाई?" एवढंच विचारलं.

"सर, निश्चिंत राहा," मी म्हटलं. "असा प्रस्ताव धुळ्याने पाहिला नसेल." हे माझं वाक्य पुढे शब्दशः खरं झालं.

प्रस्ताव कसा भारदस्त दिसला पाहिजे, या विचाराने मला झोप येईना. चाचांचा तो नेहमीचा गुळगुळीत पांढरा कागद मला अगदीच सपक वाटायला लागला. त्यांच्याकडे वरच्या फळीवर एक जाड कागद होता, दुधाच्या सायीच्या रंगाचा, अंगावर बारीक रेघांची उठावदार वीण, उजेडात धरला की आत पाणचिन्ह दिसायचं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"तो मशीनचा नाही बाई. तो शाईचा आहे. दौत-टाकवाल्या लोकांचा."

"आमची संस्था आहे चाचा, किराणा दुकान नाही."

"म्हणून तर सांगतो. यावर भुकटी बसणार नाही."

मग मी, देवाशपथ सांगते, हसत हसत खोटं बोलले. "मशीनला नकोच आहे. मानपत्रं लिहायचीत. हाताने."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टुलावर चढून गठ्ठा उतरवला, एक पान कानाशी वाजवलं आणि कागदी वेष्टन नीट दुमडून माझ्या हातात दिला. "अक्षर चांगलं असेल तुमचं," म्हणाले.

त्या कागदावर मी आठही प्रस्ताव छापले. पानं बाहेर आली ती बघून मला भरून आलं. बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं. आता शहाण्या माणसाला इथे चाचांचं खापर आठवलं असतं. मला काय आठवलं? उडदाचे पापड. मला वाटलं, ओलं आहे, वाळलं की बसेल. मी सगळी पानं कार्यालयाच्या गच्चीवर नेली, दोन सतरंज्या अंथरल्या आणि एकेक पान वाळत घातलं. कोपऱ्यांवर खडे ठेवले. कावळे येऊ नयेत म्हणून स्वतः छत्री घेऊन राखण बसले. दुपारभर मध्येमध्ये पानं उलटवलीसुद्धा. माझ्या त्या वेळच्या फोटोत मी मोठी करारी दिसते. गच्चीवरचा फोटो कोणी काढला नाही हे माझं नशीब.

पानं वाळली. वाळून पापडासारखी वाकलीही. मी ती दाबून सरळ केली, सह्या घेतल्या, शिक्के मारले. देवरे सरांच्या बायकोने येऊन फाईलला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या तळहातावर साखर ठेवली. सकाळच्या एसटीने मी धुळ्याला निघाले.

बसमध्ये फाईल पिशवीत ठेवून गप्प बसले असते तरी थोडंफार वाचलं असतं. पण मला राहवेना. पारोळ्यापर्यंत मी ती चार वेळा काढून पाहिली, शेजारच्या बाईला दाखवली, पानांवरून हात फिरवला. मुकटी गाव गेल्यावर ती शेजारीण माझ्याकडे बघत म्हणाली, "माय वं, तुनी मांडीवर काजय सांडाई गयं का?"

खाली पाहिलं. माझ्या फिकट पिवळ्या साडीवर काळी भुकटी पसरली होती. बस खड्ड्यातून गेली की पानांवर पान घासत होतं आणि आठ माणसांची वर्षांची वर्षं माझ्या मांडीवर गळत होती.

धुळ्याच्या शिबिरातला तपासनीस सज्जन होता. त्याने पहिलं पान उचललं, अंगठा फिरवला, अंगठा पाहिला, मग दुसरं पान, तिसरं. मग चष्मा काढून म्हणाला, "बाई, सह्या आहेत, शिक्के आहेत. मजकूर कुठंय?"

खरंच, पेनाने केलेल्या सह्या त्या कागदावर दिमाखात उभ्या होत्या. शाईचा कागद होता ना तो. वर देवरे सरांच्या नावातला 'दे' उरला होता.

"साहेब, उद्या आणते."

"उद्या दुपारी दोनला शिबिर संपतं. दोन वाजून पाच मिनिटांनी आणलंत तर मी घेऊ शकणार नाही. मनात असलं तरी."

परतीच्या बसमध्ये मी कोणाला काही दाखवलं नाही. बसस्थानकातून कार्यालयात फोन करून शिक्षकांना आणि दादासाहेबांना पुन्हा सह्यांना बोलवायला सांगितलं आणि तशीच चाचांच्या दुकानात गेले. पिशवीतलं एक पान काढून गल्ल्यावर ठेवलं.

त्यांनी पान पाहिलं. माझी साडी पाहिली. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगितलं होतं. माझ्या माहेरी, सासरी, कार्यालयात, कुठेही माणूस हेच म्हणाला असता. मीही म्हणाले असते, आणि दोनदा म्हणाले असते.

"कधीपर्यंत द्यायचंय?" चाचांनी विचारलं.

"उद्या दोनपर्यंत. धुळ्याला."

त्यांनी फळीवरून साध्या गुळगुळीत कागदाच्या तीन रीम घेतल्या, कानाशी वाजवल्या, त्यातली एक परत ठेवून दुसरी घेतली, शटर ओढलं आणि म्हणाले, "चला."

कार्यालयात शिरल्या शिरल्या त्यांनी काय केलं, तर कूलर बंद केला. आमचा कूलर प्रिंटरच्या बरोब्बर समोर होता. मशीनला गरम होऊ नये म्हणून मीच तो तसा ठेवला होता. "बाई, तुम्ही याला रोज पावसात उभं करता," चाचा म्हणाले. त्यांनी अर्धा तास खोली कोरडी होऊ दिली. मग रीम फोडली, पानं पंख्यासारखी मोकळी केली, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या आणि वेष्टनावरच्या बाणाप्रमाणे बाजू वर करून मशीनला घातली. पहिलं पान बाहेर आलं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "घासा."

मी अंगठा घासला. घाबरत, मग जोरात. अंगठा स्वच्छ राहिला. अक्षर तसंच राहिलं. मला रडू आलं आणि चाचा दुसरीकडे बघत राहिले.

आठही शिक्षक आले. बंद खोलीत, मे महिन्यात, कूलर बंद, आणि मशीन एकेक पान ओकतंय. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून सह्या करणाऱ्याच्या कपाळाखाली चाचा स्वतःचा रुमाल धरत होते. देवरे सर सही करून कोपऱ्यात उभे राहिले, आपलं पान पुन्हापुन्हा दुरून वाचत. जवळ यायची त्यांची हिंमत होत नव्हती.

मग दादासाहेब आले. आले ते गरजतच. "हा कागद आणला कोणी? आठ पोरांच्या संसाराशी खेळ चाललाय! मी आधीच सांगत होतो, बाईच्या हाती ऑफिस देऊ नका. कोणी निवडला हा कागद? नाव सांगा!"

आठ जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं. उघडलंच होतं, एवढं मी स्वतःच्या बाजूने नक्की सांगते.

"माझ्या दुकानातला आहे साहेब," चाचा म्हणाले. "बाईंनी साधाच मागितला होता. मीच हा बांधून दिला. माल खराब निघाला."

"तीस वर्षं दुकान चालवता आणि खराब माल देता?"

"दिला गेला साहेब. चुकी झाली."

दादासाहेबांनी त्यांना काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. ज्या माणसाने रावेरच्या व्यापाऱ्याला हात जोडून परत पाठवलं, ज्याने पेठेत कधी सर्दी झालेलं एक पान कोणाच्या गळ्यात मारलं नाही, तो माणूस मान खाली घालून ऐकत होता आणि मध्येच हात पुढे करून मशीनमधून आलेली पानं जुळवत होता. आणि मी? मी उघडलेलं तोंड मिटलं. माझी खुर्ची, माझी अब्रू, दादासाहेबांचा मेहुणा, सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. धाडस तेवढं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी धुळ्यात होते. तपासनिसाने अंगठा घासला, पाहिला आणि हसला. काही महिन्यांनी आठही मान्यता आल्या. देवरे सरांनी पेढे वाटले. मी दोन पेढे घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी एक खाल्ला, एक मला दिला.

पण संस्थेने त्यांच्याकडून कागद घेणं बंद केलं. पुढे आजूबाजूच्या शाळांनीही. 'रीमचाचांचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही', असं लोक बोलायला लागले. माझ्यादेखत बोलत. मी चाचांना एकदा म्हटलं, "चाचा, मी दादासाहेबांना खरं सांगते." ते म्हणाले, "बाई, दुकानदार खोटा निघाला तर गावाला नवल वाटत नाही. ऑफिसातली पहिली बाई चुकली तर दुसरी बसू देणार नाहीत." हे ऐकून मला गहिवरून आलं, आणि खोटं कशाला सांगू, हायसंही वाटलं. गहिवर दारापर्यंत टिकला. हायसं वाटणं पुष्कळ वर्षं टिकलं.

नंतर दर शनिवारी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. बाई म्हणता म्हणता ते मला अक्का म्हणायला लागले, वयाने मोठे असून. मला पान ऐकायला शिकवलं त्यांनी. अजून मला नीट येत नाही. मला सगळीच पानं ठणठणीत वाटतात.

मी निवृत्त झाले तेव्हा दादासाहेब हयात नव्हते आणि देवरे सर मुख्याध्यापक होते. समारंभाच्या अध्यक्षस्थानी तेच. मी चाचांना मुद्दाम बोलावलं, पहिल्या रांगेत बसवत होते, तर ते मागच्या भिंतीशी जाऊन बसले. माझ्या हातात माईक आला आणि मी सगळं सांगून टाकलं. जाड कागद, खोटी मानपत्रं, गच्चीवरचे पापड, सगळं. "चाचांचा कागद चांगला होता," मी म्हटलं. "चुकले ती मी." वीस वर्षांनी का होईना, मी ते वाक्य बोलले होते.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सत्तरीतले चाचा उभे राहिले.

"अक्कांचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "पण त्यांना आता आठवत नाही. माल माझाच खराब होता."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. कारण स्वतःच्या मालाला खराब म्हणायला कोणी खोटं कशाला बोलेल? माझं एवढं मोठं धाडस निरोपसमारंभातला मोठेपणा म्हणून जमा झालं. देवरे सरांनीसुद्धा डोळे पुसत मला मोठ्या मनाची म्हटलं.

जेवणाच्या वेळी मी चाचांना कोपऱ्यात गाठलं. "चारचौघांत मला खोटं पाडलंत! का?"

ते वरणबट्टीचं ताट हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "अक्का, हे आठ मास्तर रोज पोरांना सांगतात, खोटं बोलू नका. आपली नोकरी एक तुमच्या, एक माझ्या, अशा दोन खोट्यांवर उभी शे, हे त्यांना या वयात कशाला कळायला पाहिजे? चला, बट्टी थंड होते."

गेल्या वर्षी चाचा गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी त्यांच्या घरी बसायला गेले तेव्हा तिथे देवरे सर आले होते, आता तेही निवृत्त. आम्ही बराच वेळ बसलो. निघताना सर म्हणाले, "माणूस फार चांगला. तेवढी ती एक चूक झाली त्यांच्या हातून."

चाचांच्या घरात, त्यांच्या मुलांसमोर, मला पुन्हा तोंड उघडता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. आता मागच्या भिंतीशी उभं राहून मला खोटं पाडायला कोणी नाही. देवरे सर, कागद उत्तम होता. त्यांच्या दुकानातला प्रत्येक कागद उत्तम होता.